रात्री किती जण असतात?

वृद्धाश्रम बघायला कुटुंबं बहुधा रविवारी सकाळी जातात. बाग दिसते, देवघर दिसतं, भिंतीवर कोजागरीचे आणि दिवाळीचे फोटो असतात. ऑफिसात डिपॉझिट किती, महिन्याचे किती, औषधं-डायपरचे वेगळे का, एवढं बोलणं होतं आणि फॉर्म भरला जातो. एक प्रश्न मात्र क्वचितच कुणी विचारतं: रात्री इथे किती जण ड्यूटीवर असतात?

माझ्या आत्याला अर्धांगवायू झाल्यावर तिला अशाच एका संस्थेत ठेवावं लागलं. भेटायला जावं तेव्हा ती स्वच्छ चादरीखाली, केस विंचरून, पावडर लावून झोपलेली असायची. एकदा नर्स असलेल्या माझ्या वहिनीने चादर वर केली, तर टाच काळी पडलेली आणि माकडहाडापाशी जखम. तिथल्या मावशींना विचारलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "रात्री मी एकटीच असते हो," त्या म्हणाल्या, "कुणाकुणाची कूस बदलू?"

त्या मावशींवर माझा राग नाही. हाडाच्या टोकावर सतत दाब राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरायला लागते. म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. हवेची गादी मदत करते, पण कूस बदलायला माणूसच लागतो, आणि अंगाने जड असलेल्याला दोघं लागतात. आता हिशेब करा. अशी वीस माणसं असतील आणि प्रत्येकाला पाच मिनिटं दिली, तर दर दोन तासांतली शंभर मिनिटं तिथेच संपतात. उरलेल्या वीस मिनिटांत ओलं झालेलं बदलायचं, पाणी द्यायचं, घाबरून उठलेल्या आजोबांपाशी बसायचं. बिचारी कितीही मायाळू असली तरी हे एका बाईकडून होणार नाही.

पाण्याचंही तसंच. म्हातारपणी तहान कमी लागते. त्यात बाथरूमला न्यायला कुणाला उठवावं लागेल या संकोचाने कितीतरी आज्या संध्याकाळनंतर पेलाच तोंडाला लावत नाहीत. मग लघवीचा संसर्ग होतो, माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतं, आणि वयच झालं असं म्हणून ते सोडून दिलं जातं. भरवण्याची घाई तर जिवावर बेतते. गिळायला त्रास असलेल्या माणसाला नीट बसवून, छोट्या घासाने भरवावं लागतं. घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून सेवेची प्रत बघायची तर जेवणाच्या वेळी एकेकाजवळ कुणी किती वेळ बसतं ते बघावं.

हे काम करणाऱ्या मावशी-मामांना कित्येक ठिकाणी बारा तासांची ड्यूटी असते. सेवक पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत आलेल्यांच्या पगारातून ब्युरोही आपला वाटा घेतो. थोडे जास्त पैसे मिळाले की ते दुसरीकडे जातात, आणि आजींना चहा बशीतून लागतो, डाव्या कानाने ऐकू येत नाही, ही माहितीही त्यांच्याबरोबर जाते. मला ही हानी जखमेइतकीच मोठी वाटते. महिन्याची रक्कम भरताना त्यातून सेवा करणाऱ्यांच्या हाती किती पडतं, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

कायदा आहे, पण तोकडा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात राज्य सरकारने जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम काढावा, त्यात निदान 150 निराधार ज्येष्ठांची सोय असावी, अशी तरतूद आहे. पण तिथली क्रिया 'करील' अशी बंधनकारक नाही, 'करू शकेल' अशी ऐच्छिक आहे. खासगी आणि संस्थांच्या आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांचा विषय 2019 साली लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात होता. त्या लोकसभेची मुदत संपली तरी ते मंजूर झालं नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघराला परवाना लागतो, आणि जिथे माणसं आपली शेवटची वर्षं काढतात त्या घरात रात्री किती हात हवेत, हे 2007 च्या त्या कायद्यात ठरवलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या आमदार-खासदारांना मत मागायला आल्यावर हे विचारायलाच हवं.

तोवर नजर आपल्यालाच ठेवायची आहे. टाचा बघा, पाठ बघा, नखं बघा, उशाशी पाणी हात पोचेल एवढ्या अंतरावर आहे का ते बघा. मावशींना नावाने हाक मारा, त्यांना आपल्या माणसाच्या सवयी सांगा. दाद लागत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. आणि रात्री आठनंतर, आगाऊ न कळवता, नातेवाइकाला आत येऊ न देणारी संस्था कितीही स्वस्त असो, घरापासून कितीही जवळ असो, तिथे आपलं माणूस ठेवू नका.