मुक्या साक्षीदाराची जबानी

देवळाच्या तळीचे पाणी तळ दिसेल इतके नितळ झाले की ते शुद्ध झाले, असा आपल्या समाजात एक दृढ समज आहे. तळीला शेवाळ धरले की कोणी जाणता गृहस्थ मोरचुदाचा उपाय सुचवतो. काही दिवसांत हिरवा रंग जातो, पायऱ्या दिसू लागतात आणि सुचवणाऱ्याची वाहवा होते. पाठोपाठ मासे पांढरे पोट वर करून तरंगू लागले, तर उन्हाळ्याला दोष देऊन प्रकरण मिटवले जाते. ते मिटवताना जे तीन युक्तिवाद हमखास पुढे येतात, ते तिन्ही टिकणारे नाहीत, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

पहिला युक्तिवाद श्रद्धेचा आहे. तांबे ही पवित्र धातू. ताम्हनातले तीर्थ आपण घेतो, रात्रभर तांब्यात ठेवलेले पाणी सकाळी पितो. मग त्याच तांब्याने मासा कसा मरेल? प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबे माणसाला चालेल असे मानले आहे. परंतु माणूस पाणी पोटात घेतो. मासा ते अहोरात्र आपल्या कल्ल्यांवरून वाहू देतो. कल्ल्याचा पडदा अतिशय पातळ, आणि त्याच्या एका बाजूला रक्त तर दुसऱ्या बाजूला नदी. त्या एका अवयवावर श्वास आणि रक्तातील क्षारांचा तोल ही दोन्ही कामे सोपवलेली आहेत. जे आपल्या घशाला जाणवत नाही, ते त्या पडद्याला जाळते.

हे शास्त्र कालपरवाचे नाही. वेल्समधील ॲबरिस्टविथच्या परिसरात शिशाच्या खाणींनी नद्या निर्मत्स्य केल्या, तेव्हा कॅथलीन कार्पेंटर या विदुषीने १९२० नंतरच्या दशकात त्या मृत्यूंची चौकशी केली. पाण्यात विरघळलेली धातू कल्ल्यांवरील श्लेष्मा गोठवते आणि मासा भर पाण्यात गुदमरतो, असा निष्कर्ष तिने १९२७ मध्ये मांडला. पुढे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे प्राध्यापक ख्रिस वुड आणि त्यांचे सहकारी यांनी याहून सूक्ष्म कारण उलगडले. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात मीठ पुष्कळ असते, भोवतीच्या पाण्यात नाममात्र. रक्तातले मीठ सतत बाहेर झिरपते आणि कल्ल्यांतील पेशी ते सतत आत ओढून घेतात. तांबे आणि चांदी सोडियमच्या याच वाटेने आत शिरतात व ओढून घेणारी यंत्रणाच बंद पाडतात. रक्तातले मीठ घटते, रक्तातले पाणी पेशींत शिरते, रक्त दाट होते आणि अखेर हृदय थकून थांबते. बाहेरून मात्र अंगावर एक ओरखडाही दिसत नाही.

आता प्रमाण पाहावे. अगदी मृदू पाण्यात लिटरमागे काही दशक मायक्रोग्रॅम तांबे चार दिवसांत निम्मे ट्राउट मासे मारण्यास पुरते. एक किलो मोरचुदात पाव किलो तांबे असते. पन्नास मीटर लांब, तितकीच रुंद आणि पाच मीटर खोल तळी घ्या. तिच्या सव्वा कोटी लिटर पाण्यात हे पाव किलो तांबे सगळे विरघळलेले राहिले, तर लिटरमागे २० मायक्रोग्रॅम होतात. आपले मासे ट्राउटपेक्षा काटक असतील, काही तांबे गाळात बसेल, हे मान्य. पण मोरचूद टाकणारा एका किलोवर कधी थांबत नाही, हेही मान्य करावे लागेल. शिवाय मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, तो जाच वेगळाच.

दुसरा युक्तिवाद कायद्याचा, आणि तो आमच्याच व्यवसायबंधूंच्या तोंडी अधिक शोभतो: ‘प्रमाण मर्यादेत आहे.’ कोणती मर्यादा? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांखालील सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यात सोडण्याच्या सांडपाण्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम तांबे चालते. म्हणजे माणसाच्या पेल्यात जितके चालते त्याच्या दीडपट! नदीत ते पातळ होईल, हे त्यामागचे गृहीत. वैशाखात ज्या ओढ्याला घोटाभर पाणी उरत नाही, तेथे ते कशात पातळ होणार, हे मानकात लिहिलेले नाही.

यापेक्षा मोठा दोष असा की ही मर्यादा धातूचे केवळ वजन मोजते. वुड यांच्यासारख्यांच्या संशोधनाचे सार असे की विषाची तीव्रता वजनावर ठरत नाही. पाण्यात चुन्याचा अंश असेल तर तो कल्ल्यावरची जागा आधीच अडवतो; कुजलेल्या पानांचा अर्क असेल तर तो धातूला बांधून ठेवतो. हे दोन्ही नसलेल्या पाण्यात तेवढेच तांबे कित्येक पट घातक ठरते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००७ मध्ये गोड्या पाण्यातील तांब्याचे निकष याच तत्त्वावर बांधले. गोव्या-कोकणातील जांभ्या दगडातून झरणारे पाणी मृदू, चुन्याचा अंश अल्प असलेले. अर्थात आपल्या माशांना ढाल सर्वांत पातळ आणि नियम मात्र साऱ्या देशाला एकच.

गंमत अशी की त्याच मानकांत माशाची साक्ष ग्राह्य धरलेली आहे. निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनंतर १०० पैकी ९० मासे जिवंत राहिले पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. पण तेथेही फक्त मृत्यू मोजला जातो. लिटरमागे २ ते २० मायक्रोग्रॅम तांब्याने कोवळ्या सामन माशांची घ्राणशक्ती मंदावते आणि संकटाचा वास येऊनही ते थबकत नाहीत, असे अमेरिकेत २००७ मध्ये दाखवून देण्यात आले. असा मासा ९६ तास जिवंत राहतो, परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि दुसऱ्या दिवशी बगळ्याच्या चोचीत जातो.

तिसरा युक्तिवाद पोटाचा: ‘माशांसाठी कुळागरे ओस टाकायची काय?’ मुळीच नाही. पावसाळ्यात सुपारीला कोळेरोगापासून वाचवायचे तर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण फवारावे लागते, हे बागायतदाराइतकेच आम्हीही जाणतो. मागणे इतकेच, की फवारणीचा पंप झरीत धुऊ नये, उरलेले मिश्रण पाटात ओतू नये आणि ओहोळाच्या काठची पट्टी मोकळी सोडावी. यात कोणाची सुपारी गळत नाही.

आता महाजनांना आणि विश्वस्तांना दोन शब्द. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्येच मान्य केले. तळी त्या देवतेची. आपण तिचे राखणदार. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नद्या-सरोवरांचे रक्षण आणि प्राणिमात्रांविषयी दया ही प्रत्येक नागरिकाची कर्तव्ये ठरवली. धर्मशास्त्र त्याच्याही आधीचे आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्राबरोबर विष टाकण्याचाही निषेध आहे. शतपथ ब्राह्मणातला मनू ओंजळीतल्या इवल्या माशाचे ‘मला वाचव’ हे मागणे मान्य करतो आणि प्रलयात तोच मासा त्याची नाव तारतो. पहिल्या अवताराची कथा भक्तिभावाने ऐकायची आणि त्याच देवळाच्या तळीत मोरचूद ओतायचा, ही विसंगती कोणत्या प्रायश्चित्ताने फिटणार?

तेव्हा करावयाचे ते सरळ आहे. तळीतले शेवाळ माणसे लावून हाताने काढावे. निर्माल्य आणि सांडपाणी पाण्यात जाऊ देऊ नये, म्हणजे शेवाळाला खतच मिळणार नाही. मासे मेले तर त्याच दिवशी पाण्याचा नमुना तपासणीस द्यावा, आणि तांब्याबरोबर त्या पाण्याची कठिणताही मोजून घ्यावी. आणि या पाण्याला या पाण्याचेच माप लावा, अशी मागणी प्रत्येक ग्रामसभेने व देवस्थानाने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी करावी. न्यायालयात मुका साक्षीदार खुणांनी साक्ष देऊ शकतो आणि ती ग्राह्य धरली जाते. पाण्यावर तरंगणारे पांढरे पोट ही अशीच एक खूण आहे. ती वाचण्याचे काम आता तळीच्या राखणदारांचे आहे.