लष्करी ट्रकचा लिलाव : आधी कागद, मग लोखंड

लष्कराचा जुना ट्रक लिलावात मातीमोल भावाने मिळतो आणि वर्षानुवर्षे मरत नाही, हा समज आपल्या बाजारात फार जुना आहे. तो अगदीच निराधार नाही. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यावर लष्कराचे फाजील ट्रक विकले गेले आणि त्यातले कित्येक मालवाहतुकीला लागले. पुढे जबलपूरच्या सरकारी कारखान्यात, जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर बनलेला शक्तिमान आला. मात्र ते दिवस आता राहिले नाहीत, ही गोष्ट आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ध्यानात घ्यावी.

आम्ही कापडवाले. सेकंडच्या मालाची गाठ सोडून, दोन-चार तागे उलगडून पाहिल्याशिवाय बयाणा देत नाही. ट्रकच्या सौद्यालाही तोच नियम लावावा. फरक इतकाच की इथे ट्रकच्या आधी त्याचे कागद उलगडायचे असतात.

हल्ली असे लिलाव बहुतांशी केंद्र सरकारच्या एमएसटीसी या कंपनीमार्फत संगणकावर होतात. आधी नोंदणी, मग अनामत रक्कम, मग बोली. माल ‘जिथे आहे, जसा आहे’ या अटीवर विकला जातो. नंतर तक्रार चालत नाही. म्हणून पाहणीसाठी दिलेल्या तारखेला मिस्त्रीला घेऊन जावेच. लष्करी ट्रक पळालेला कमी आणि उभा राहिलेला जास्त असतो. किलोमीटर कमी दिसले तरी टायर, रबरी नळ्या, सील वाळून तडकलेले असतात. चारही चाकांना जोर देणारी गाडी डोंगरात कामाची. बाजारच्या फेऱ्यांत ती डिझेलच खाईल. शक्तिमानचे उत्पादन तर केव्हाच बंद झाले, तेव्हा सुटे भाग शोधत फिरावे लागते.

याहून मोठी बाब कागदांची. लष्कराच्या गाड्यांची नोंदणी आरटीओत होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ६० प्रमाणे ती वेगळी होते. गाडी लष्कराच्या हातून सुटली की तिला सर्वसाधारण नोंदणीचे नियम लागू होतात आणि नवा नंबर घेणे खरेदीदाराच्या गळ्यात येते. त्यातच १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी संपते आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रामार्फतच मोडीत काढायची, असा नियम आहे. देशाच्या संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामातली चिलखती व खास वाहने यातून वगळली आहेत. म्हणून लॉटच्या यादीत माल ‘वाहन’ म्हणून दिला आहे की ‘भंगार’ म्हणून, आणि बोली कोणाला लावता येते, हे आधी वाचावे. भंगार म्हणून घेतलेला ट्रक कितीही सुरेख चालला तरी रस्त्यावर आणता येत नाही.

दुसरा धोका आपल्याच चालीरीतीचा आहे. बोली एकाच्या नावावर, पैसे दुसऱ्याचे, ट्रक तिसऱ्याच्या दारात, आणि सगळा व्यवहार जबानीवर. आपल्यात जबानीला किंमत आहे; आरटीओच्या खिडकीवर मात्र विक्रीपत्रावरचे नावच पाहतात. चौघांनी मिळून लॉट घ्यावा, त्यात बरकत आहे. पण भागीदारीचा करार मुद्रांकावर लिहून घ्यावा.

बोली लावण्याआधी हिशेबही पुरा मांडावा: ट्रकची किंमत, कर, क्रेन, ओढून आणणे, टायर, बॅटरी, बॉडी, नोंदणी, विमा. ही बेरीज बाजारातल्या जुन्या, कागद पुरे असलेल्या ट्रकच्या भावापर्यंत पोहोचत असेल तर लिलावाचा मोह सोडावा. घरच्या बायकांचे दागिने मोडून बोली लावणारे लोक आम्ही पाहिले आहेत. मुदतीत पैसे भरता आले नाहीत की अनामत जाते, माल वेळेत उचलला नाही की जागेचे भाडे चढते.

सरकारकडेही आमची एक मागणी आहे. लॉट लहान करावेत आणि अटी मराठी, हिंदी, उर्दूतही द्याव्यात. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला व्यापार कळतो, इंग्रजी अटींच्या पानांमधली खोच कळत नाही. तोवर घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींकडून एक-एक अट मोठ्याने वाचवून घ्यावी, आणि अनामत त्यानंतरच भरावी.