तू शेवटचं काय बिघडवलंस?

जानेवारीतली गोष्ट. माझा बारावीतला आतेभाऊ अमेरिकेतल्या एका नामवंत विद्यापीठात अर्ज करून बसला होता. एके दिवशी त्याला मेल आली, की तुमच्याच शहरात राहणारे आमचे एक माजी विद्यार्थी तुमची मुलाखत घेतील. झालं! घरात धावपळ सुरू. आत्याने नवा शर्ट आणला, मामांनी 'लीडरशिप'वर चार पानं लिहून दिली आणि मला हुकूम सुटला, "तू गाडीवर सोड त्याला, पोरगं एकटं घाबरेल."

मुलाखतीची जागा म्हणजे चक्क औंधमधलं एक कॉफी शॉप! मला वाटलं होतं, टाय लावलेले तीन जण, समोर फाईल, अगदी आपल्या ओरलच्या एक्स्टर्नलसारखं काहीतरी असेल. आले ते पंचेचाळिशीचे एक गृहस्थ, पाठीवर सॅक, पायात सँडल. मी चार टेबलं सोडून बसलो. पहिली दहा मिनिटं भावाचा चेहरा रडवेला दिसत होता. नंतर बघतो तर काय, तो टिश्यू पेपरवर आकृती काढून हातवारे करत बोलतोय!

परत येताना सिग्नलवर त्याने सगळं सांगितलं. सुरुवातीला त्याने 'वृद्धाश्रमात समाजसेवा' हे पाठ केलेलं उत्तर दिलं. गृहस्थांनी विचारलं, "तिथल्या एखाद्या आजोबांबद्दल सांग ना." हा गप्प! दोनच दिवस गेला होता, सांगणार काय? मग त्यांनी विषय बदलला. "बरं, तू शेवटचं काय बिघडवलंस?"

आणि गाडी रुळावर आली. याने सोसायटीच्या टाकीला बझर लावला होता. टाकी भरली की दोन तांब्याच्या तारांमधून पाण्यातून करंट जाणार आणि बझर वाजणार. पंधरा दिवसांत बझर बंद. एक तार पार खाल्लेली, हिरवट झालेली. डीसी करंट सतत सोडल्यामुळे इलेक्ट्रोलिसिस होऊन पॉझिटिव्ह बाजूची तार झिजत होती, हे याला महिन्याभराने कळलं. मग त्याने दर पाच मिनिटांनी क्षणभरच करंट सोडायची युक्ती काढली. यावर ते दोघं पाऊण तास बोलले.

मार्चमध्ये निकाल आला. नाही मिळाली ॲडमिशन. मी समजूत काढायला गेलो तर तो म्हणाला, "दादा, वाईट वाटलंच. पण त्या टाकीबद्दल मला कुणीतरी पहिल्यांदाच एवढं विचारलं."

मित्रांनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी मेकॅनिकलला का आलो? कॅप राउंडमध्ये ऑप्शन फॉर्म भरला, कट-ऑफला पर्सेंटाइल बसलं, सीट फ्रीझ केली, संपलं. तीन वर्षं झाली, "तुला काय आवडतं रे?" असं या कॉलेजात मला कुणीही विचारलेलं नाही. ओरलला विचारतात ते एवढंच, "जर्नल कम्प्लीट आहे का?"

त्या रात्री हॉस्टेलवर मी जोरात भाषण ठोकलं, की आपल्याकडेही माजी विद्यार्थ्यांनी मुलाखती घेऊन प्रवेश दिले पाहिजेत. रूममेट शांतपणे ऐकत होता. त्याचे वडील एस.टी.त कंडक्टर, शाळा जिल्हा परिषदेची. तो एवढंच म्हणाला, "मुलाखत असती तर मी इथे नसतो. कॉफी शॉपमध्ये कॉफी कशी मागवायची, हेच मला तेव्हा माहीत नव्हतं."

माझं भाषण तिथेच संपलं. मग जरा वाचायला घेतलं, आणि त्याचं म्हणणं किती खरं आहे ते कळलं.

पहिला पुरावा आपल्याच देशातला, तोही इंजिनिअरिंगचाच. श्रीनगरच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात (आजचं एन.आय.टी.) लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० मार्क असत. लेखीत भरपूर मार्क मिळवलेली मुलं मुलाखतीत आपटली आणि कोर्टात गेली. मुलाखत किती वेळाची, तर दोन-तीन मिनिटांची! प्रश्न काय, तर आई-वडील कोण आणि राहता कुठे! १९८० च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने अजय हासिया खटल्यात निकाल दिला, की मुलाखतीला १५ टक्क्यांपेक्षा जास्त मार्क ठेवणं म्हणजे मनमानी. शिवाय मुलाखती टेप कराव्यात, असंही सुचवलं. झालेले प्रवेश मात्र रद्द झाले नाहीत, कारण तोवर फार वेळ गेला होता.

दुसरा पुरावा खुद्द अमेरिकेतला. 'आम्ही फक्त मार्क बघत नाही, अख्खा माणूस बघतो' हे ऐकायला किती छान वाटतं ना? पण तिथल्या बड्या विद्यापीठांत मुलाखत, फोटो, 'कॅरेक्टर' या गोष्टींना महत्त्व आलं ते १९२० च्या दशकात. नुसत्या परीक्षेवर ज्यू मुलं भराभर आत येत होती आणि ती वरच्या लोकांना खुपत होती. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी तर ज्यूंसाठी सरळ कोटाच सुचवला होता. तो उघडपणे जमला नाही, तेव्हा 'व्यक्तिमत्त्व' कामाला आलं. मार्क दिसतात, व्यक्तिमत्त्व दिसत नाही. त्यामुळे त्याच्याआड काहीही लपवता येतं.

गंमत म्हणजे तिसरा पुरावा उलट बाजूचा आहे. हार्वर्डवरचा खटला २०१८ मध्ये सुनावणीला आला. तेव्हा आशियाई वंशाच्या मुलांच्या बाजूने एक मुद्दा मांडला गेला. माजी विद्यार्थी प्रत्यक्ष भेटून या मुलांना व्यक्तिमत्त्वाचे जे गुण देत, ते गोऱ्या मुलांच्या बरोबरीचेच होते. कमी गुण द्यायचं ते प्रवेश कार्यालय, आणि तिथल्या लोकांनी यातली बहुतेक मुलं पाहिलेलीही नसायची! खालच्या कोर्टाने २०१९ मध्ये यात जाणूनबुजून भेदभाव मानला नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मात्र वंश बघून प्रवेश देण्याची पद्धतच रद्द ठरवली. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. समोरासमोर बसून बोलणाऱ्याला माणूस दिसला, कागद वाचणाऱ्याला दिसला नाही.

म्हणजे गप्पा वाईट नाहीत. त्या गप्पांवर कुणाची सीट टांगलेली असणं वाईट. एम.आय.टी.सारख्या ठिकाणी मुलाखत घेणारा माजी विद्यार्थी स्वतः निर्णय घेत नाही, फक्त रिपोर्ट पाठवतो, आणि जिथे मुलाखत देताच आली नाही त्या मुलाचं त्यामुळे नुकसान होत नाही, असं ते सांगतात. ब्राउन विद्यापीठाने तर माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती बंदच केल्या, आता मुलं स्वतःचा छोटा व्हिडिओ पाठवतात. तरी शेवटी प्रश्न उरतोच, चांगला कॅमेरा आणि चांगलं इंग्रजी कुणाकडे?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की आपली ॲडमिशन आहे तशीच राहू दे. पर्सेंटाइलला चेहरा नाही, आडनाव नाही, बापाची नोकरी नाही. ते रुक्ष आहे, पण माझ्या रूममेटला आत घेणारं दार तेच आहे. क्लासच्या फीचा पैसा तिथेही बोलतो, हे मान्य. पण मुलाखतीत तो आणखी मोठ्याने बोलेल.

मात्र ॲडमिशन झाल्यावर काय? आपली माजी विद्यार्थी संघटना आहे. दरवर्षी मेळावा होतो, सत्कार होतात, स्टेजवरून 'यशाची गुरुकिल्ली' मिळते आणि आपण मागच्या रांगेत बसून मोबाईल बघतो. त्याऐवजी एवढंच करा. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने एफ.ई.ची पाच मुलं वाटून घ्यावीत. वर्षातून एकदा, प्रत्येकाशी एक तास. कॉफी शॉपमध्ये नको, आपल्याच कॅन्टीनमध्ये, कटिंग पीत, मराठीत. मार्क नाहीत, रिपोर्ट नाही, ॲटेंडन्सही नाही. (आणि कृपा करून सह्यांचा फॉर्म नको. मेंटॉर स्कीमचं काय झालं ते आपण बघतोच आहोत!)

कुणी म्हणेल, तासाभराने काय होणार? कदाचित काहीच नाही. भावाची ॲडमिशन तरी कुठे झाली? पण त्याने परवा टाकीत तारांच्या जागी फ्लोट स्विच बसवला, आणि मला फोन करून पाऊण तास त्याबद्दल सांगितलं.

आपल्या रूममेटने काय बिघडवलंय, काय जुळवलंय, हे तरी आपल्याला कुठे माहीत असतं? मी आज विचारणार आहे. तुम्हीही विचारून बघा!

– टी.ई. (मेकॅनिकल)