जुने यंत्र आणि दुकानाचा मंजूर भार

प्लायवूड व लॅमिनेटच्या दुकानांतून आता केवळ माल विकून भागत नाही. आठ बाय चारचा अख्खा तक्ता ग्राहकाच्या टेम्पोत चढवून देण्याऐवजी तो मापात कापून, कडांना पट्टी लावून देण्याची सोय अनेक पेढ्या करू लागल्या आहेत. सुताराचे श्रम वाचतात, ग्राहक बांधला जातो आणि कापणावळीचे चार पैसेही सुटतात. त्यासाठी पॅनेल सॉ आणि एज बँडिंग यंत्र लागते, आणि नव्या यंत्राचा भाव ऐकला की पावले जुन्या यंत्रांच्या बाजाराकडे वळतात. त्यात गैर काहीच नाही. जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी १९०६ साली सरकत्या मेजाची करवत तयार केली. आजच्या पॅनेल सॉची मूळ कल्पना तीच आहे. नीट वापरलेले वजनदार यंत्र अनेक वर्षांनंतरही सरळ कापते.

सौदा ठरवताना व्यापारी मेजाची पातळी पाहतो, बेअरिंगचा आवाज ऐकतो, भाव पाडून मागतो. मोटारीवरची धातूची छोटी पट्टी मात्र भुशाखाली झाकलेली राहते. खरे तर इसार देण्यापूर्वी ती ओल्या फडक्याने पुसून वाचावी आणि तिचे छायाचित्र दुकानाच्या वायरमनला पाठवावे. विक्रेत्याच्या गाळ्यात यंत्र सुरळीत चालले, एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्याच्याकडे औद्योगिक जोडणी असते, कधी जनरेटर असतो. बाजारपेठेतील दुकानाकडे त्यातले काहीच नसण्याचा संभव अधिक.

पट्टीवर व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, किलोवॅट, फेरे आणि जोडणीची खूण असते. त्यांतील किलोवॅटचा आकडा बहुतेकांना फसवतो. मोटारीवर लिहिलेले किलोवॅट म्हणजे ती शाफ्टवर देते ती शक्ती. विजेच्या तारेतून ती त्याहून अधिक घेते. समजा, पॅनेल सॉची मुख्य मोटार ५.५ किलोवॅटची म्हणजे साडेसात अश्वशक्तीची आहे, पुढच्या छोट्या पात्याची ०.७५, भुसा ओढणाऱ्या यंत्राची २.२ आणि कॉम्प्रेसरची १.५. बेरीज जवळजवळ १० किलोवॅट होते. मोटारींची कार्यक्षमता सरासरी ८५ टक्के धरली, तर प्रत्यक्ष मागणी पावणेबाराच्या घरात जाते. त्यात दुकानाचे दिवे, पंखे आणि वातानुकूलन यांचे ३ किलोवॅट मिळवले की आकडा १५ ला टेकतो. वीजबिलावर मंजूर भार १० किलोवॅट असेल, तर यंत्राची खरी किंमत विक्रेत्याने सांगितलेली नव्हेच. भारवाढीचे शुल्क, जाड केबल, नवा मुख्य स्विच आणि प्रसंगी नवे मीटर हे सारे त्याच सौद्यात धरावे लागते. भुसा ओढणाऱ्या यंत्राचा हिशेब तर हटकून राहून जातो, कारण ते पुष्कळदा मागाहून घेतले जाते. एज बँडिंग यंत्र घेणाऱ्याने मोटारींबरोबर गोंद वितळवणारा हीटरही मोजावा.

भार न वाढवता काम रेटले तर काय होईल? विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापरासाठी लागू दराच्या दुप्पट आकारणीची तरतूद आहे आणि मंजूर भाराहून अधिक वापर त्यात मोडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मधील एका निकालात म्हटले आहे. कापणावळीतून मिळालेले पैसे अशा एका देयकात वाहून जातात. तापलेल्या तारांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. ज्या दुकानात खालपासून छतापर्यंत लाकूड, लॅमिनेट आणि चिकटद्रव रचलेले असते, तिथे आखूड मापाची केबल ही काटकसर मानता येत नाही.

परदेशातून आलेल्या जुन्या यंत्रांची पट्टी अधिक सावधपणे वाचावी लागते. युरोपातील मोटारीवर '२२०/३८०' किंवा '३८०/६६०' असे दोन आकडे असतात. हे दोन पर्याय दिसायला सारखे, परिणामात अगदी भिन्न. पहिल्या प्रकारात प्रत्येक गुंडाळी २२० व्होल्टसाठी असते. भारतातील ४१५ व्होल्टच्या थ्री फेज पुरवठ्यावर ती स्टार जोडणीतच चालवायची. तेव्हा गुंडाळीवर सुमारे २४० व्होल्ट येतात आणि मोटार थोडी अधिक तापली तरी निभावते. रात्री व्होल्टेज चढते अशा भागात हे अंतर आणखी वाढते, ते आधी मोजून घ्यावे. हीच मोटार डेल्टात जोडली तर गुंडाळीवर थेट ४१५ व्होल्ट येतात आणि ती पाहता पाहता जळते. दुसऱ्या प्रकारची मोटार डेल्टात चालते आणि स्टार-डेल्टा स्टार्टर फक्त तिलाच शोभतो. जुन्या बाजारात स्टार्टर एका यंत्राचा, मोटार दुसऱ्या यंत्राची असा संसार अनेकदा जुळवलेला असतो. म्हणून पट्टी आणि स्टार्टर दोन्ही एकमेकांशी ताडून पाहावीत.

गंमत अशी की सिंगल फेज असलेल्या लहान दुकानाला '२२०/३८०' हीच पट्टी उपयोगी पडते. सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी २३० व्होल्ट घेऊन तेवढ्याच व्होल्टचे तीन फेज देतो. त्यावर ही मोटार डेल्टात जोडून नीट चालते. सुमारे ३ अश्वशक्तीपर्यंत हा मार्ग सोयीचा आहे. केवळ ४१५ व्होल्ट डेल्टासाठी बनलेली मोटार त्यावर लावली तर जोर एक तृतीयांशाहूनही कमी मिळतो आणि पाते लाकडात अडकते. मात्र अनेक मोटारी, ब्रेक आणि नियंत्रण पेटी असलेल्या यंत्राला एक व्हीएफडी जोडून काम भागेल, अशी कोणी ग्वाही दिली तर ती लेखी मागावी.

तैवान किंवा अमेरिकेच्या अंतर्गत बाजारातून आलेल्या यंत्रावर ६० हर्ट्झ लिहिलेले असते. भारतात वारंवारता ५० हर्ट्झ आहे. मिनिटाला १७२५ फेऱ्यांची मोटार इथे सुमारे १४४० वर येते, रंध्याचे डोके मंदावते आणि पृष्ठभागावर लहरी उमटतात. व्होल्टेज तेच ठेवून वारंवारता उतरली, तर मोटारीचा गाभा चुंबकीयदृष्ट्या भरून जातो आणि ती तापते. हे दुखणे पुली बदलून जात नाही. ट्रान्सफॉर्मर किंवा व्हीएफडीचा खर्च इथेच मांडावा.

"शेठ, मोटार काय, कधीही बदलता येते," हे विक्रेत्याचे ठरलेले वाक्य. बदलता येते हे खरेच. पण परदेशी यंत्रावरील मोटारीच्या पायांची मापे, शाफ्टचा व्यास आणि आतला ब्रेक स्थानिक मोटारीशी जुळले नाहीत, तर खराद्याकडे खेटे सुरू होतात.

पट्टी खरवडलेली किंवा गायब असेल, किंवा मोटार रिवाइंड केलेली असेल, तर जुन्या आकड्यांवर विसंबू नये. तिन्ही गुंडाळ्यांचा रोध सारखा यावा, आणि ५०० व्होल्टच्या मेगरवर इन्सुलेशन किमान एक मेगओहम दाखवावे. पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये पडून राहिलेले यंत्र या चाचणीत हमखास उघडे पडते. त्यानंतर यंत्र चालवून, प्रत्यक्ष तक्ता कापताना टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा प्रवाह पाहावा. एका फेजवर आकडा ठळकपणे वेगळा दिसला, तर भाव पाडण्याऐवजी सौदा थांबवलेला बरा.

वीज गेली की स्टार्टर स्वतःहून सुटतो का, याची परीक्षा तिथेच घ्यावी. मुख्य स्विच पाडून पुन्हा चढवावा. यंत्र आपोआप सुरू झाले, तर पात्याशी अडकलेला तुकडा काढणाऱ्या कामगाराचा हात त्याच क्षणी जाईल. अशा यंत्राचा स्टार्टर बदलल्याशिवाय ते कोणाच्या हाती देऊ नये.

दुकानात यंत्र उतरल्यावर आधी अर्थिंग तपासून घ्यावे. मग पाती उतरवून मोटारी नुसत्या फिरवून पाहाव्यात. उलट फिरणाऱ्या मोटारीच्या कोणत्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल केल्या की दिशा सरळ होते. पाती त्यानंतरच चढवावीत.