किंचाळणारा पट्टा आणि बारा नंबरचा पाना

पावसाळ्यातली सोमवारची सकाळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी स्टार्ट करतं आणि बॉनेटखालून ‘कीऽऽऽ’ असा आवाज येतो. दोन-तीन सेकंदांत तो थांबतो. आपण एफएम लावतो, ऑफिस गाठतो, विषय संपतो. म्हणजे आपल्यापुरता संपतो. बॉनेटखाली तो चालूच असतो, बॉस!

तो आवाज पट्ट्याचा. इंजिनच्या कडेला पुलींवर फिरणारा हा रबरी पट्टा. गाडीचा पंखा कधीच विजेवर गेला, तरी आपल्याकडे त्याला अजून ‘फॅन बेल्ट’च म्हणतात. आपली मारुती ८०० घ्या. १९८३ मध्ये आली, २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, कोकणात मात्र अजून दिसते. तिच्यात हा पट्टा दोन कामं करतो : अल्टरनेटर फिरवून बॅटरी चार्ज करतो आणि इंजिनातलं पाणी खेळवणारा पंपही फिरवतो. म्हणजे पट्टा तुटला की आधी बॅटरीचा लाल दिवा लागणार, मग तापमानाचा काटा चढणार. तरीही गाडी दामटत राहिलात तर इंजिनचं काम निघणार, आणि ते बिल ईएमआयपेक्षा मोठं असू शकतं.

मी हे शिकलो शिरोड्यात, मामाकडे. वेंगुर्ले तालुक्यातलं हे गाव तुम्हाला वेळागरच्या बीचमुळे माहीत असेल, नाहीतर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे. वि. स. खांडेकर इथेच शाळेत मास्तर होते. गाडीवाल्याला मात्र शिरोडा कळतं ते तिथल्या हवेवरून. एकीकडे समुद्र, दुसरीकडे मिठागरं. खारी हवा एकाही नट-बोल्टला सोडत नाही.

चतुर्थीचे दिवस होते. मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीसाठी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात पोचायचं होतं. ही तारीख चुकवून चालणार नव्हतं. नेमकी संध्याकाळी मामाची ८०० किंचाळायला लागली. गॅरेजला अनंत चतुर्दशीपर्यंत कुलूप. मामाने टॉर्च मारला आणि म्हणाला, “पट्टो गेलो रे, भाच्या.”

शेजारच्या काकांचा सल्ला तयारच होता : “साबण लाव, गप बसतलो.”

“आवाज गप बसतलो, पट्टो नाय,” मामा म्हणाला.

बरोबरच होतं. ८०० चा पट्टा ‘व्ही’ आकाराचा. तो पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी रुतून पकड घेतो. बाजू घासून गुळगुळीत झाल्या की पट्टा खाचेच्या तळाला टेकतो आणि घसरायला लागतो. साबणाने आवाज बंद होईल, घसरणं नाही. नवीन गाड्यांचा पट्टा रुंद, बारीक उभ्या रेघांचा असतो आणि त्याचं रबरही वेगळं. त्याला पूर्वीसारख्या भेगा पडतीलच असं नाही. तो टायरसारखा हळूहळू झिजतो, त्यामुळे वरून ठणठणीत दिसतो आणि दगा देतो.

मामाच्या डिकीत नवीन पट्टा कायम असतो. इंजिन गार होऊ दिलं, किल्ली मामाच्या खिशात गेली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. गंजलेल्या बोल्टांवर स्प्रे मारून चहा घेतला. मग बाराचा आणि चौदाचा पाना. अल्टरनेटर ज्याच्यावर झुलतो तो बोल्ट आणि खाचेच्या पट्टीतला बोल्ट, दोन्ही फक्त सैल करायचे. अल्टरनेटर इंजिनकडे ढकलला की जुना पट्टा आपोआप उतरतो. आता दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. जुना-नवा पट्टा शेजारी धरून लांबी-रुंदी जुळवायची. आणि मोकळ्या पुली हाताने फिरवून बघायच्या. घरघर ऐकू आली किंवा पुली हलली, तर बेअरिंग गेलंय. मग नुसता पट्टा बदलून उपयोग नाही.

खरी गंमत ताणात आहे. अल्टरनेटरच्या दणकट भागाला टॉमी लावून तो बाहेर रेटायचा आणि तसाच धरून खाचेचा बोल्ट आवळायचा. मी जोर लावला तसा मामा ओरडला, “तंबोऱ्याची तार करू नको रे!” पट्टा सैल राहिला तर घसरतो, जास्त ताणला तर अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग खातो. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने जोरात, साधारण दहा किलोच्या ताकदीने दाबायचं. पट्टा सेंटिमीटरच्या आसपास किंवा थोडा कमीच दबला पाहिजे. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. जमलं की दोन्ही बोल्ट पक्के, बॅटरीची वायर परत, इंजिन दहा मिनिटं चालू. बंद करून पुन्हा अंगठा. नवीन पट्टा सुरुवातीला थोडा सैलावतो, म्हणून काही दिवसांनी पुन्हा एकदा.

सकाळी पेडणे, म्हापसा करत आम्ही वेळेत बांबोळीला पोचलो. मामी सगळा रस्ताभर आम्हाला गाडी हळू चालवायला सांगत होती.

आता थोडं सावध. तुमच्या गाडीत स्प्रिंगचा ऑटोमॅटिक टेन्शनर असेल तर ताण तो स्वतः राखतो, तुम्ही बोल्ट पिळायला जाऊ नका. आणि कव्हरच्या आत असतो तो टायमिंग बेल्ट, त्याच्या वाटेलाच जायचं नाही. तो चुकीचा बसला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटू शकतात. ते काम गॅरेजचं.

कोकणात ड्राइव्हला निघण्याआधी एवढं करा :

• पट्ट्याचा मोबाइलवर फोटो काढा. बदलताना तो कुठून कसा गेलाय ते आठवत बसावं लागणार नाही.
• आवाज येत असेल तर चालू पट्ट्यावर लांबून थोडं पाणी उडवा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत. सैल बाही, ओढणी, टाय बॉनेटपासून दूर.
• पट्टा बदलल्यावर इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरी मोजा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट आले की चार्जिंग ठीक.
• डिकीत एक जादा पट्टा आणि दोन पाने टाका. जुन्या छोट्या गाड्यांचा पट्टा मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्न-कोल्ड्रिंकच्या भावात येतो.

सणासुदीला गॅरेजचं शटर खाली असतं, पण घरातल्या कुणाला डॉक्टरांकडे न्यायची तारीख पुढे ढकलता येत नाही. या रविवारी अर्धा तास काढा आणि बॉनेट उघडाच!