‘नीट’चे मार्क कमी पडले, असे खुशाल सांगा

बारावीचे निकाल लागले की ऑप्टोमेट्रीच्या पदवी प्रवेशासाठी काही महाविद्यालये मुलाखती घेतात. बाहेरचा डॉक्टर म्हणून मला अशा मुलाखतींना काही वेळा बोलावणे आले. सकाळी सरकारी रुग्णालयातली डोळ्यांची ओपीडी संपवायची आणि दुपारी तिकडे जाऊन एकेका मुलाशी सात-आठ मिनिटे बोलायचे. पहिला प्रश्न ठरलेला : ‘ऑप्टोमेट्रीच का?’ उत्तरही ठरलेले. ‘सर, डोळा हा शरीराचा अत्यंत महत्त्वाचा अवयव आहे आणि मला समाजाची सेवा करायची आहे.’ तिसऱ्या मुलाने हेच म्हटले की हे पाठांतर एकाच क्लासमधले आहे, हे कळते.

एक मुलगी मात्र सरळ म्हणाली, ‘सर, एमबीबीएसला जायचं होतं. नीटमध्ये मार्क कमी पडले. आणखी एक वर्ष थांबणं घरी परवडणार नाही.’ माझ्या शेजारच्या प्राध्यापकांच्या भुवया वर गेल्या. मी विचारले, मग या कामाबद्दल काय माहीत आहे? तिने सांगितले की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन, नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन ती दोन सकाळी त्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसली होती. काय पाहिलेस? ‘एक आजोबा होते. काच बदलली की दर वेळी “आता बरं दिसतंय” म्हणायचे. मग साहेबांनी काच काढली आणि तीच परत घातली. तरी आजोबा म्हणाले, “हां, ही जास्त चांगली.”’

आम्ही दोघेही हसलो, आणि माझ्यापुरती मुलाखत तिथे संपली. नंबर काढण्यातली खरी अडचण त्या मुलीने दोन दिवसांत पाहिली होती. पेशंट डॉक्टरला बरे वाटावे म्हणून उत्तर देतो, कंटाळून देतो, कधी घाबरून देतो. त्याच्या ‘बरं दिसतंय’वर किती विसंबायचे, हे ओळखणे हाच या विद्येचा मोठा भाग आहे. ‘कॉम्प्युटरवर नंबर काढला’ असे लोक कौतुकाने सांगतात, पण यंत्राचा आकडा ही सुरुवात असते. विशेषतः लहान मुले यंत्रात बघताना डोळ्यावर ताण देतात आणि नसलेला किंवा जास्तीचा मायनस नंबर दाखवतात. म्हणून त्यांच्या डोळ्यांत औषध घालून, रेटिनोस्कोपचा उजेड टाकून तपासावे लागते.

म्हणून मुलाखतीच्या तयारीबद्दल कुणी विचारले तर माझे उत्तर एकच असते : प्रश्नसंच बाजूला ठेवा आणि जवळच्या रुग्णालयात दोन सकाळी घालवा. ट्रायल फ्रेम नाकावर कशी बसवतात ते बघा. तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो, मग छोट्या खोलीत आरसा का लावतात, ते विचारा. आरशाचे गणित तुम्ही शाळेतच शिकलेले आहात. अकरावी-बारावीचा प्रकाशाचा धडा मात्र पुन्हा वाचून जा. बहिर्वक्र आणि अंतर्वक्र भिंगात अडखळणारा उमेदवार ‘लहानपणापासून या क्षेत्राची आवड आहे’ असे म्हणतो, तेव्हा आम्हालाच अवघडल्यासारखे होते.

दुसरा गोंधळ पदांचा. चष्मा बनवून देणारा ऑप्टिशियन, दृष्टी तपासून नंबर देणारा आणि आजाराची शंका ओळखणारा ऑप्टोमेट्रिस्ट, औषधोपचार आणि ऑपरेशन करणारा नेत्रतज्ज्ञ. हे तिघे वेगळे आहेत, हे आपल्या आजीला समजेल अशा शब्दांत सांगता यायला हवे. (आमच्या नेत्रतज्ज्ञांपैकीही काही जण ऑप्टोमेट्रिस्टला नुसता ‘नंबर काढणारा’ समजतात. तो दोष आमचा.)

आजीवरून माझा एक आवडता प्रश्न आहे. सत्तरीची आजी अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचू लागली. घरचे खूश, ‘नजर परत आली’ म्हणतात. तुम्ही काय म्हणाल? बहुतेक मुले व्यायाम, गाजर, आहार असे काहीतरी सांगतात. खरे कारण बहुधा मोतीबिंदू असते. डोळ्यातले भिंग घट्ट होत जाते, मायनस नंबर येतो, जवळचे स्पष्ट होते आणि लांबचे धूसर. हे उत्तर बारावीच्या मुलाला यायलाच हवे असे नाही. ‘माहीत नाही, पण आजीचं लांबचं कसं दिसतंय ते आधी तपासीन,’ एवढे म्हणाला तरी मला पुरते.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतो, त्याला ओपीडीतला अनुभव कारण आहे. दहा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. दुकानातून दोनदा चष्मा केलेला. एकेक डोळा झाकून कुणी तपासलेच नव्हते. उजवा डोळा चांगला, त्यामुळे डाव्यातला मोठा प्लस नंबर झाकला गेला आणि तो डोळा आळशी झाला. सात-आठ वर्षांच्या आत सापडला असता तर सुधारण्याची शक्यता बरीच जास्त होती. आई विचारत होती, ‘पण चष्मा तर वेळेवर केला होता ना?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार जगात किमान 220 कोटी लोकांना दृष्टिदोष आहे आणि त्यांतल्या किमान 100 कोटींचा टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपाय व्हायचा आहे. त्यांत नुसता योग्य चष्मा न मिळालेले फार आहेत. नेत्रतज्ज्ञ एवढ्या लोकांपर्यंत पोहोचणे शक्य नाही. मुलाखतीत बसलेल्या या मुलांपैकीच कुणीतरी तिथे पोहोचणार आहे.

शेवटी आम्ही विचारतो, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ बहुतेक मुले ‘नो सर’ म्हणून उठतात. इथे उठू नका. फी तुमचे आईवडील भरणार आहेत. विचारा : महाविद्यालयाला जोडलेले डोळ्यांचे रुग्णालय आहे का? विद्यार्थी पेशंटला पहिल्यांदा हात कोणत्या वर्षी लावतो? इंटर्नशिप कुठे, आणि तिथे शिकवायला कोण असते? 2021 च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रीला आरोग्य व्यवसाय म्हणून मान्यता दिली आहे. त्याप्रमाणे अभ्यासक्रम आहे का आणि पुढे नोंदणी होईल का, हेही विचारा. त्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता. उत्तर द्यायला प्राध्यापकांना थोडा वेळ लागला.