गाठीचा ताप आणि सर्दीची कॅप्सूल

आमच्या बीड जिल्ह्याचे नाव एरवी वर्तमानपत्रांत येते ते दुष्काळामुळे, नाही तर ऊसतोड कामगारांमुळे. ऑगस्ट १९९४ मध्ये मात्र ते उंदरांमुळे आले. मामला नावाच्या लहानशा गावात पिसवांचा उपद्रव वाढला, उंदीर मरून पडू लागले आणि पाठोपाठ माणसांना ताप भरून जांघेत, काखेत गाठी दिसू लागल्या. घरात उंदीर पडला की चूलबोळकी उचलून रानात झोपडी बांधायची, हे आमच्या आजी-पणजीच्या पिढीला कोणी शिकवावे लागत नव्हते. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, परतला होता.

आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला होता. धास्तावलेली माणसे घराबाहेर राहिली, धान्य मात्र घरात राहिले आणि उंदरांची चंगळ झाली, असे या साथीचे एक कारण सांगितले गेले. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उसळली. पन्नासहून अधिक माणसे दगावली, लाखोंनी शहर सोडले. हा प्लेग होता की नव्हता यावर विद्वानांत बराच काथ्याकूट झाला. पुढे जनुकीय तपासणीतून तो प्लेगच असल्याचे दिसले.

त्या धांदलीतली एक गोष्ट मला आजही विचार करण्याजोगी वाटते. ती म्हणजे टेट्रासायक्लीनची कॅप्सूल. शहरोशहरी औषधांच्या दुकानांतून ती दिसेनाशी झाली, इतकी लोकांनी विकत घेऊन ठेवली. घाबरून केलेली साठेबाजी वाईट, पण औषध अचूक होते. १८९७ च्या पुण्यात असे काहीच हाताशी नव्हते. होती ती घरझडती, सक्तीचे विलगीकरण आणि रँडसाहेबाचा जाच. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली खरी, पण आजार जडलेल्याला बरे करील असे औषध यायला अजून कित्येक वर्षे होती.

मग प्लेगवर चालणारी ही कॅप्सूल सर्दीवर का चालत नाही? आपण दोन्हींना 'जंतू' म्हणतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

प्लेगचा जंतू हा जिवाणू. अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये, म्हणजे मामल्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, हाँगकाँगच्या साथीत तो ओळखला. एका मिलिमीटरच्या रेषेवर असे पाचशे ते हजार जिवाणू सहज मावतील. एवढासा असला तरी त्याचा संसार स्वतंत्र असतो. तो अन्न घेतो, स्वतःची प्रथिने स्वतः बनवतो, एकाचे दोन होतो. पिसवांच्या पोटात वाढून तो तिचे अन्नद्वार तुंबवतो. भुकेली पिसू चावत सुटते आणि चावताना त्याला आपल्या अंगात सोडते. तिथून तो जवळच्या लसिकाग्रंथीत जाऊन वाढतो. जांघेतली गाठ ती हीच.

विषाणूचे तसे नाही. करोनाचा विषाणू जिवाणूच्या दहाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही लहान. त्याला ना पोट, ना चूल. थोडा जनुकीय मजकूर आणि त्यावर प्रथिनांचे वेष्टण, एवढेच त्याचे भांडवल. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसा तो आपल्या पेशीत शिरतो, तिची यंत्रणा ताब्यात घेतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या असंख्य प्रती काढून घेतो. पेशी कामातून जाते. तिच्या नासाडीने आणि शरीराने उभारलेल्या लढाईने आपल्याला ताप, अंगदुखी, खोकला होतो.

आता कॅप्सूलचे काम पाहा. टेट्रासायक्लीन जिवाणूची प्रथिने बनवण्याची भट्टी बंद पाडते. आपल्या पेशीतली भट्टी वेगळ्या घडणीची, म्हणून ती बहुतांशी वाचते. विषाणूकडे स्वतःची भट्टीच नाही, विझवणार काय? म्हणून सर्दी, फ्लू, डेंग्यू यांवर प्रतिजैविक घेणे म्हणजे चोर पळाल्यावर शेजाऱ्याला झोडपणे. विषाणूंशी सामना मुख्यतः लस आणि शरीराची प्रतिकारशक्ती करते. काही मोजक्या विषाणूंवर खास औषधेही आहेत. करोनाच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू वेगळा केला आणि त्यापासून लस बनली, तीच खरी वाट. त्याच काळात घरोघर अझिथ्रोमायसिनच्या पट्ट्याही रिकाम्या होत होत्या. विषाणूच्या आजारामागून कधी जिवाणूंचा न्यूमोनिया होतो, तेव्हा प्रतिजैविक लागतेही. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी, दुकानाच्या काउंटरवर नव्हे.

आमच्याकडे तापाची मजुरी परवडत नाही. फडावरचा माणूस दोन दिवस आडवा पडला तर उचल फिटायची कशी, म्हणून 'कडक गोळ्या द्या, लवकर उठलं पाहिजे' अशी मागणी होते, आणि देणारे देतात. तीन गोळ्या घेऊन बरे वाटले की उरलेल्या फडताळात जातात, पुढच्या तापासाठी. या माणसाला अडाणी ठरवणे सोपे आहे. मला तरी तसे वाटत नाही; रोजंदारीचा हिशेब त्याला आपल्यापेक्षा नीट कळतो. पण दुसरा हिशेब त्याच्यापर्यंत कोणी पोचवलेला नाही. प्रतिजैविक पोटात गेले की आपल्या आतड्यातल्या असंख्य निरुपद्रवी जिवाणूंवर त्याचा मारा होतो. त्यातले जे तग धरतात तेच वाढतात, आणि औषधाला दाद न देण्याचा गुण ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. विषाणूच्या तापातली ती फुकटची कॅप्सूल अशी फुकट जात नाही.

मादागास्करमध्ये १९९५ साली एका प्लेगच्या रुग्णात सापडलेला जिवाणू टेट्रासायक्लीन आणि स्ट्रेप्टोमायसिनसह अनेक औषधांना पुरून उरणारा निघाला. तपासात दिसले की हा गुण त्याला दुसऱ्या जिवाणूंकडून मिळाला होता. मामला आणि सुरत यांनंतरचे ते अगदी पुढचेच वर्ष.